कपाटातला राऊटर

साधना मॅडमचा पारा सकाळी दहालाच चढला होता, आणि न चढून करणार काय? बदलीचा ऑनलाइन फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती, तीही संध्याकाळी पाचपर्यंत. सहा वर्षं त्या जिवती तालुक्यातल्या या डोंगरावरच्या शाळेत शिकवत होत्या. नवरा अजय घुग्घुसला कोळसा खाणीत, सात वर्षांची उर्वशी सासूजवळ. मागच्या खेपेला घरी गेल्या तर पोरगी दाराआडून विचारत होती, "आता किती दिवस राहशीन?" हा फॉर्म हुकला की पुढची संधी तीन वर्षांनी. आणि ज्या नेटवर तो भरायचा, ते नेट कपाटात बंद होतं.

कपाटात म्हणजे खरोखरच्या लोखंडी कपाटात. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून शाळेला केबलवरून इंटरनेट मिळालं. त्यासोबत एक मोडेम, एक राऊटर आणि आठ भोकांचा एक स्विच आला. त्या स्विचला जोडायचे संगणक दोन वर्षं झाली, अजून यायचेच आहेत. मुख्याध्यापक गुणवंतरावांनी तिन्ही वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढवल्या. पाल शिरू नये म्हणून स्विचच्या आठही भोकांवर चिकटपट्टी लावली. कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली आणि पुढून कुलूप ठोकलं.

"चोरीले गेलं तं जबाब कोण देईन?" ते विचारायचे.

अकराला कपाट उघडायचं, चारला बंद करायचं. दार उघडं असलं की शाळाभर नेट, दार लावलं की आतल्या रजिस्टरांना नेट. अशा माणसाला काय म्हणावं!

तीन दिवस हाच तमाशा चालला होता. कपाट उघडं तेव्हा बदलीची साइट बंद, आणि साइट चालू तेव्हा कपाट बंद. आज तर कहरच झाला. गुणवंतराव सकाळच्या बसने मीटिंगसाठी चंद्रपूरला गेले ते चावी खिशात घालूनच. "दुपारच्या गाडीनं येतोच ना मी," असं सांगून गेले होते. साडेतीनला गाडी आली. तिच्यातून दोन बकऱ्या उतरल्या, एक नवरदेव उतरला. गुणवंतराव उतरले नाहीत.

"सरले फोन लावा ना मॅडम," शाळेत खिचडी शिजवणारी सोमारीबाई म्हणाली.

"कशावरून लावू बाई? फोन नेटवर लागते, अन् नेट कपाटात हाये!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की आवारातली कोंबडी उडाली.

शेवटी शाळा समितीचे अध्यक्ष कोलूभाऊ यांनी मोटारसायकल काढली. गावामागच्या टेकडीवर बोलण्यापुरती एक काडी रेंज मिळते. तिथून मॅडमनी आधी अजयला फोन लावला. तो खाणीत, फोन बंद. मग गुणवंतरावांना लावला.

"सर, चावी कुठी हाये?"

"माह्या खिशात. एकदम सेफ हाये."

"पाच वाजता फॉर्म बंद होते सर! कुलूप फोडतो आम्ही."

"खबरदार! सरकारी मालमत्ता हाये ते. हात लावला तं नोटीस देईन!" आणि फोन कटला.

मॅडमच्या तोंडून जे शब्द निघाले ते शिक्षिकेला शोभणारे नव्हते. कोलूभाऊंनी ते ऐकले नाहीत असं दाखवलं आणि गाडी परत शाळेकडे वळवली.

"असं करू मॅडम," पोचल्यावर ते म्हणाले, "समितीचा ठराव घेऊ. ठरावानं फोडलं तं एकट्या तुमच्यावर येत नाई. मी हाओ, सोमारीबाई मेंबर हाये, तुम्ही हाये. झाली सभा."

"घ्या, पण लवकर घ्या! साडेचार झाले."

"फक्त प्रोसिडिंग बुकात लिहा लागते."

"मंग लिहा ना! कुठी हाये ते बुक?"

कोलूभाऊंनी कपाटाकडे पाहिलं. सोमारीबाईनेही कपाटाकडे पाहिलं.

"अरे, काय लावलंय काय तुम्ही साऱ्यायनं!" साधना मॅडम भडकल्या. "पोरगी मले पाहुणी समजून राह्यली तिकडं! अन् इथी डब्बे सांभाळून राह्यलो आपण!"

सोमारीबाई स्वयंपाकाच्या खोलीत गेली आणि वरवंटा घेऊन आली. मॅडमनी तो दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव कुलुपाला बसला, दुसरा कडीला. तिसऱ्याची गरज नव्हती, तो गुणवंतरावांच्या नावाने घातला. दार करकरत उघडलं. आत राऊटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि मॅडमच्या मोबाइलवर नेट आलं. चार चोपन्नला फॉर्म गेला. पहिली पसंती, घुग्घुसजवळची शाळा. मग मॅडम तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडल्या.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी कपाट पाहिलं आणि दीड पानी नोटीस दिली. मॅडमनी चार पानी उत्तर दिलं. कोलूभाऊंनी दोन्हींवर सही केली. सुट्ट्या लागेपर्यंत मॅडम त्या माणसाशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मे महिन्यात मॅडम घुग्घुसलाच होत्या, तेव्हा आदेश आला. पहिल्या पसंतीची शाळा! उर्वशी दिवसभर आईचा पदर सोडेना. आता रोज पोरगी डोळ्यासमोर, आणि त्या कपाटवाल्याचं तोंड या जन्मी पाहायला नको. जूनअखेरीस शाळा उघडली. मॅडम नवी साडी नेसून रुजू व्हायला गेल्या, ऑफिसचं दार लोटलं, आणि खुर्चीतून आवाज आला.

"या मॅडम, या! बरं झालं, वळखीचं माणूस भेटलं."

मॅडमनी दाराची चौकट धरली.

"सर? तुम्ही इथी? तुम्ही कवा भरला फॉर्म?"

"त्याच दिवशी ना. चंद्रपूरले गेल्तो तवा." गुणवंतराव खुशीत होते. "मीटिंग-गिटिंग काई नोती."

"मंग आपल्या शाळेतूनच काऊन नाई भरला?"

"शाळेतून?" गुणवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "त्या राऊटरचा काई भरोसा हाये का मॅडम? रेंजच नाई भेटत त्याची!"