केशवभाऊंची बिनदाराची कपाटं

आमच्या शेजारच्या केशवभाऊंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना चार वर्षं दारं नव्हती. कोणी चोरली नव्हती. त्यांनी स्वतः पेचकसाने कब्जे खोलून ती काढली, अंगणातल्या टिनाखाली भिंतीला ओळीने टेकवली आणि घासायला बसले. रोज सकाळी एक दार आडवं घ्यायचं आणि पॉलिश पेपरने घासायचं. आमच्या बाकी नंदनवन वस्तीला जाग कशाने येते मला माहीत नाही. आमच्या घरांच्या लाइनला त्या खर्रखर्र आवाजाने यायची.

"रंग कधी लावता?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "तयार नाही अजून."

हे त्यांनी सगळ्यालाच लावलं होतं. शिजलेला भात बोटाने दाबून म्हणायचे, तयार नाही. लग्नाला जायचं, ऑटो दारात उभा, आणि हे एकाच पायात चप्पल घालून म्हणायचे, तयार नाही. मीटर वाचायच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. तिथे कसं निभावलं देव जाणे.

त्यांचा दुसरा शब्द 'पकड'. "चिकन्या अंगावर रंग बसत नाही, बाई. आधी घासा, पकड येऊ द्या." मला ते बाई म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आमच्या लाइनमध्ये आला. केस तेलाने चोपडलेले, चेहरा चकचकीत. तो गेल्यावर केशवभाऊ म्हणाले, "लय चिकना आहे. याच्यावर काई टिकणार नाही." तो पडला. तेवढ्यापुरता लाइनमध्ये त्यांचा भाव वाढला.

त्यांच्या बायकोचं, लताबाईचं, डोकं मात्र रोज तापायचं. "माह्या घरी डाळ किती अन् शेंगदाणे किती, पूर्ण लाइनले पाठ झालं वं," ती मला सांगायची. एकदा तिने जुन्या लुगड्याचे पडदे लावले. दोन दिवसांत पडदे गायब. केशवभाऊ अंगणात त्यांच्याच चिंध्यांनी दारांवरची धूळ पुसत होते. "सुती आहे, मस्त काम देते," म्हणाले.

लोक त्यांना येडा म्हणायचे. मीही म्हणायची, तोंडावर. पण हे येड कुठून आलं ते मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मी त्याच स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते.

पल्लवी त्यांची एकुलती पोरगी. तिच्या लग्नाच्या वेळी पेंटर ऐनवेळी दुसऱ्या लग्नघरी गेला, तेव्हा केशवभाऊंनी स्वतः ब्रश हातात घेतला. कपाटांवर जुना ऑइलपेंट, त्यावर इतक्या वर्षांच्या फोडणीचा चिकटा. न धुता, न घासता त्यांनी त्यावर आकाशी रंगाचे जाड हात मारले. मे महिना, प्रत्येक खोलीत भाड्याचा कूलर, घरभर दमट हवा. रंग वरून वाळला, आतून तसाच राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी उमरेडची विहीण पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि उंच कपाटाला पाठ टेकून बोलत उभी राहिली. निघाली तेव्हा दुधावरची साय निघावी तसा रंग तिच्यासोबत निघाला. कोशाच्या रेशमाची कोरी साडी आणि पाठीवर हातभर आकाशी पट्टा. बायका हसल्या. मी हसले नाही. माझ्या सासरी हातमाग होते; साडीला डाग म्हणजे काय ते मला कळतं.

विहीण तेव्हा गप्प राहिली. नंतर बोलली आणि बोलतच राहिली. उमरेडला बारसं असो की हळदीकुंकू, चार बायका जमल्या की पल्लवीच्या देखत सांगायची, "हिच्या बापानं मले शिक्का मारून पाठवलं." पल्लवीने एकदा ते फोनवर रडत आईला सांगितलं, आईने नवऱ्याला. त्याच दुपारी दारं उतरली. तेव्हापासून केशवभाऊ एकदाही उमरेडला गेले नाहीत. पोरगी इथे येईल तेव्हा भेटायची.

यंदा पल्लवीला दिवस गेले. डोहाळजेवण माहेरी करायचं ठरलं आणि विहीण सोबत येणार असं कळलं. लताबाईने पदर खोचला.

"दारं लागली नाही तं डोहाळजेवण उमरेडलेच होईल. बाळंतपणही तिथंच. मी जातो तिच्याकडं. तुम्ही बसा इथं घासत."

केशवभाऊंनी पेपर खाली ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा ते रंगाच्या दुकानात गेले आणि रंगाचा डबा घेऊन आले. आकाशीच.

"दुसरा कोणता नव्हता का?" लताबाई म्हणाली.

"तोच पाहिजे," ते म्हणाले.

धुण्याच्या सोड्याने दारं धुतली. घासलेलं पुन्हा घासलं. प्रायमर मारला. मग माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमची मागची खोली पाहिजे होती."

"काहून गा?"

"दारं वाळवायले. समोर सिमेंटचा रोड होऊन राहिला, आमच्याकडं पूर्ण धूळ येते."

"ने मग."

"अन् कूलर बंद ठेवा लागते."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नवतपा सुरू होता, मे अखेरचे ते नऊ कडक दिवस. उन्हात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसत होते.

"नवतप्यात कूलर बंद?"

"दमट हवेनं चमक मरते. आतून वाळत नाही. मागं तेच झालं नं, बाई."

"अन् मी मेली तं?"

"तीन दिवस तं लागतेच," ते म्हणाले. माझं मरण त्यात धरलं होतं की वेगळं, ते कळलं नाही.

दिली खोली. दया वगैरे आली नव्हती. सकाळची खर्रखर्र बंद होणार होती. दारं माझ्या दिवाणावर झोपली आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. केशवभाऊ उंबऱ्यात राखणीला. मी तिकडे तोंड करून बोलले तर म्हणायचे, "हळू बोला, थुंकी उडते." रंगाच्या शेवटच्या हातावर एक माशी बसली. त्यांनी ती सुईने उचलली, रंग वाळू दिला आणि ते दार पुन्हा घासायला घेतलं.

"अजून एक दिवस, बाई."

मी ओला टॉवेल फेकून मारला. ते दारासमोर आडवे झाले आणि टॉवेल छातीवर झेलला.

दारं लागली तेव्हा मात्र मी तो टॉवेल विसरले. एवढी चमक मी कोणाच्या घरी पाहिली नव्हती. लताबाईने कपाटाच्या दारात पाहून कुंकू सरळ केलं. लाइनमधल्या बायका बघायला आल्या आणि स्वतःचे केस नीट करून गेल्या.

डोहाळजेवणाला विहीण आली ती तीच कोशाची साडी नेसून. पाठीवर तोच पट्टा. मी कढईत भजी तळत होते, केशवभाऊ कपाटांपाशी उभे होते. 

"डाग काई गेला नाही," विहीण म्हणाली. "म्हटलं, ज्याचा त्याले दाखवावा."

केशवभाऊ तसेच मागे सरकत अंगणात गेले.

पल्लवी बाहेरच्या खोलीतून ऐकत होती. ती आत आली. नवी हिरवी साडी, फुलांचे दागिने, सातवा महिना. ती सरळ उंच कपाटाकडे गेली आणि पाठ टेकून उभी राहिली. माझ्या झाऱ्यातून एक भजं उचललं आणि तिथेच खाल्लं. मग सासूला म्हणाली, "आई, थकल्या असान. टेका नं."

ती बाजूला झाली. हिरवी पाठ कोरी होती.

विहिणीने आधी दाराला बोट लावलं, मग नख, मग पूर्ण तळहात. मग वळून पाठ टेकवली, चांगली दाबून. बाजूला होऊन मान वळवली आणि दारात पाहिलं. नवीन काही लागलं नव्हतं. जुना पट्टा मात्र त्या चमकेत लख्ख दिसत होता.

"माह्या घरच्या आरशात एवढा साफ दिसत नाही वं," ती म्हणाली. थोडा वेळ स्वतःची पाठ बघत राहिली. मग लताबाईला म्हणाली, "व्याहीबुवाले पाठवा एकदा उमरेडले. आमची दारं लय खराब झाली. अन् किती वर्षं झाले, आलेच नाही."

लताबाईने तिला पहिल्या घाण्याची भजी वाढली, ढीगभर.

मी बशी घेऊन अंगणात गेले. केशवभाऊ नळापाशी पाठमोरे उभे होते. पल्लवी कपाटाकडे जाताना त्यांना खिडकीतून दिसली असावी.

"चिकटली का?"

"विहीण? नाही. तुले उमरेडले बोलावून राहिली, दारं रंगवायले."

"विहीण नाही. पल्लवी." ते अजून वळले नव्हते. "तिनं आधी बोट लावून पाहिलं का?"

"नाही. आली अन् सरळ टेकली."

"पूर्ण?"

"पूर्ण गा. दोन जिवांची, सगळा भार देऊन."

 केशवभाऊंनी नळ सोडला आणि हात धुवायला लागले. हात स्वच्छच होते. बराच वेळ धूत राहिले. मी बशी भिंतीवर ठेवली आणि आत गेले. कढईत घाणा होता.