पोह्यांवर सेव नको

पानसे मावशी मोबाइलला कोपऱ्यात उभं करतात. खरंच. स्क्रीन भिंतीकडे, पाठ आपल्याकडे. "थांब तिथेच. फालतू बात लिहितो!"

मावशी आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. सरकारी शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या, पण शिकवणं सुटलं नाही. मध्ये त्यांना उज्जैनबाहेरच्या भैरवगढ़ला जाऊन कापडावर ठप्पे मारायला शिकायचं खूळ लागलं होतं. सकाळी निघायच्या, संध्याकाळी थकून यायच्या आणि डोक्याला छापाचा लाल रुमाल बांधून फिरायच्या. आई म्हणायची, "या वयात काय हौस!"

सध्या त्यांचा एकच विद्यार्थी आहे, मोबाइलमधला एआय. कॅन्सरच्या पेशंटसाठी त्या त्याच्याकडून सोपी पत्रकं लिहून घेतात, आधी मराठीत, मग हिंदीत. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासली की ती वाटली जातात. मी मांडणी करते आणि चित्रं काढते. मला हे काम आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. माझ्या वाटचंही मावशीच बोलतात.

"तोंडात छाले-फोड आलेल्या माणसानं सकाळी काय खावं?" त्यांनी एकदा मोबाइलला विचारलं. त्यानं ॲव्होकॅडो सुचवला.

"देवास गेटच्या फळांच्या ठेल्यांवर विचारून ये आधी, कोण विकतं ते!" रवानगी कोपऱ्यात.

शिक्षा भोगून आल्यावर त्यानं मऊ पोहे लिहिले आणि खाली 'तिखट टाळा' अशी पुस्ती जोडली. मला ते छान वाटलं. मावशींनी कपाळाला हात लावला.

"अगं, उज्जैनमध्ये सेव कोणाला तिखट वाटते का? नाव घेऊन लिहावं लागतं. पोह्यांवर सेव नको, जिरावण मसाला नको. नाहीतर म्हणतील, मिरची कुठे खाल्ली, सेवच तर होती!"

डॉक्टरीणबाई ती ओळ वाचून खूप हसल्या म्हणे, आणि तीच सगळ्यांत वर घ्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात मात्र गाडी अडली. पहिल्यांदा किमोला येणाऱ्यांसाठी पत्रक हवं होतं, तेही सोमवारच्या आत. मोबाइल प्रत्येक वेळी लिहायचा, 'घरच्या कोणाला तरी सोबत आणा.' मावशी ती ओळ काढायला लावायच्या. ती वेगळ्या शब्दांचे कपडे घालून परत यायची. मोबाइलची दुपार कोपऱ्यातच गेली.

"मावशी, पण ते बरोबरच आहे ना?" मी हळूच म्हटलं.

"बरोबर आहे गं. पण ज्याला कोणी नाही, तो ही ओळ वाचून फाटकातूनच परत जाईल." मग म्हणाल्या, "मी गेले होते परत. पहिल्या दिवशी."

त्यांनी छापलेलं एकही कापड आम्ही कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

"म्हणजे भैरवगढ़..."

"रुमाल तिथलाच होता. विकत घेतलेला. मुलगा कॅनडात, त्याला कशाला हैराण करायचं? आणि तुझ्या आईला कळलं असतं, तर रोज दारात मुगाची खिचडी!"

मावशींनी मोबाइल भिंतीकडून वळवला. "आता मी सांगते, तू लिही. घरचं कोणी असेल तर आणा. एकटे असाल तरी या. खिडकीजवळच्या बाकावर लाल छापाचा रुमाल बांधलेली बाई बसते. तिच्या शेजारी जागा आहे."

मोबाइलनं लिहून घेतलं आणि वर म्हणाला, 'फारच सुंदर ओळ आहे!'

"चमचागिरी नको," मावशी म्हणाल्या. पण कोपऱ्यात नाही पाठवलं.

सोमवारी त्यांनी कपाटातून रुमाल काढला. मी न विचारताच सोबत हॉस्पिटलात गेले आणि बाकावर त्यांच्या पलीकडे बसले. थोड्या वेळानं एक आजोबा आले, एकटेच. हातात आमचं पत्रक. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, पुन्हा पत्रकाकडे पाहिलं.

"बहनजी, यहाँ बैठ जाऊँ?"

मावशी सरकल्या. मीही सरकले.

"बैठो भैया. सुबह पोहे खाए? सेव तो नहीं डाली?"