आबांची भालाबाई

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, नावाचा अर्थ कळल्याशिवाय माणसाशी पुढे बोलतच नाहीत. दवाखान्यात त्यांचा खोकला राहतो बाजूला. आधी काउंटरवरच्या मुलीला विचारतात, "युवर नेम, व्हॉट मीनिंग?" तिला माहीत नसतं. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "बघ, नुसता आवाज गळ्यात अडकवून फिरतात." ते काय म्हणाले असं ती विचारते आणि मी म्हणते, ते थँक यू म्हणाले.

आबा आल्यापासून हे दुसरं काम माझ्यामागे लागलंय. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायचं, एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या पेंगत तोआ पायोहला घरी यायचं आणि लिफ्टमधून बाहेर पडल्या क्षणापासून दुभाषीपण करायचं. नवरा निम्मा महिना फिरतीवर. आबांनी जन्मभर कराडच्या हायस्कुलात संस्कृत शिकवलं. सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना इकडे परदेशात आणलं. कुठलाही शब्द जरा खरवडला की खाली संस्कृत लागतं, अशी त्यांची खात्री.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सत्तरी उलटलेली एक चिनी आंटी एकटी राहते. कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून ती मांजरांना मासळी भरवते. तिचं नाव गर्ट्रूड. हे कळलं त्या संध्याकाळी आबांनी माझा चहा गार होऊ दिला.

"गर्त म्हणजे खड्डा. रूढ म्हणजे उगवलेली. गर्तरूढा. खड्ड्यात उगवलेली. विचार तिला, घरात विहिरीचं काही होतं का?"

मी विचारलं नाही. फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. नाव जुनं जर्मानिक. पहिल्या तुकड्याचा अर्थ भाला, दुसऱ्याचा बळ. त्या नावाच्या राण्या होऊन गेल्या, जोगिणी होऊन गेल्या. एक संत झाली, तिला मांजरांची राखणदार मानतात. जर्मनीत आता हे नाव आज्यांच्याच पिढीत उरलंय.

संस्कृत निघालं नाही म्हणून आबा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी दार उघडून हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, भालाबाई."

"अंकल काय म्हणतो?" आंटीनं मला विचारलं. मी खूप दमले होते, त्यामुळे खरं तेच सांगितलं. ती इतकी हसली की मांजर पळालं.

तेव्हापासून दोघांचं जमलं. भाषा एकही सामाईक नाही, तरी तास तास बसतात. आबा मांजरांना सुभाषितं ऐकवतात, ती इथल्या इंग्रजीत "करेक्ट, अंकल, करेक्ट ला" म्हणते. अडलं की मला हाक.

परवाच्या रविवारी सकाळी तिनं हॉकर सेंटरमधून, म्हणजे खालच्या खाण्याच्या टपऱ्यांवरून, तिघांना कॉफी आणली, दोरी बांधलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांत. आबांना कॉफीपेक्षा शंका महत्त्वाची.

"विचार तिला, चिनी माणसाच्या घरात भाला आला कुठून?"

आंटीनं पिशवीतली नळी दोनदा फिरवली. "मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनं ठेवलं. घरी मला चिओ ती म्हणायचे. म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण. मी तिसरी मुलगी ना. सिस्टर म्हणाली, हे नाव आहे की निरोप? आजपासून तू गर्ट्रूड. अर्थ मला माहीत नव्हता, पण त्यात भाऊ नव्हता. मला तेवढं पुरलं."

मी मराठीत सांगितलं. आबा आता काहीतरी फोड करतील म्हणून मी वाट बघत होते. ते खाली मांजराकडे बघत राहिले.

"तुझ्या सासूचं माहेरचं नाव नकुशी," ते म्हणाले. "चौथी मुलगी. मी लग्नात तांदळात अंगठीनं सुनंदा लिहिलं. आठवडाभर शोधून काढलं होतं."

मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. नकुशीला इंग्रजीत काय म्हणावं हे सुचेना. शेवटी म्हटलं, "नॉट वाँटेड." आंटीनं मान हलवली. तिला समजवावं लागलं नाही.

"शेवटी सगळं विसरली ती," आबा म्हणाले. "सुनंदा म्हटलं की दुसऱ्याच कुणाला बोलावतोय असं बघायची. एकदा तिच्या बहिणीनं नकुशी म्हटलं, तर ओ दिली. मग मीही तेच म्हणायला लागलो. नकुशी, आ कर. नकुशी, कूस बदल. असं म्हणून औषध पाजायचं म्हणजे..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

मी तेवढंच इंग्रजीत केलं. शेवटचं वाक्य मीही अर्धंच ठेवलं.

आंटीनं कॉफीची पिशवी दाराच्या कडीला अडकवली. मग म्हणाली, "त्यानं ठेवलेलं नाव काय होतं? परत सांगायला सांग."

"सुनंदा," मीच म्हटलं.

"सू-नान-ता," ती सावकाश म्हणाली.

आबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

"तिला म्हणावं," ते मला म्हणाले, "अजून एकदा म्हण."