खासगी निर्मूलनाचा ठराव

सन एकोणीसशे छत्तीसच्या माघ महिन्यात हुबळीच्या मराठी व्यापारी लोकहितवर्धक मंडळाने ठराव क्रमांक सत्तावीस एकमताने मंजूर केला. खासगी वैद्यकी व खासगी शिक्षण या दोन रोगांनी समाज पोखरला आहे, सबब मंडळाच्या कोणाही सभासदाने यापुढे खासगी डॉक्टरचे औषध घेऊ नये व आपले मूल खासगी शाळेत घालू नये. सर्वांनी मंडळाच्याच कमरीपेठेतील दवाखान्याचा व शाळेचा लाभ घ्यावा, असा तो ठराव होता.

तो लिहिला होता मंडळाचे चिटणीस मारुतीराव येडूरकर यांनी. मारुतीरावांचे भांड्यांचे दुकान होते, पण जीव ठरावांत होता. दुकानातल्या घागरी चकाकत नसत तेवढी त्यांची वाक्ये चकाकत.

ठरावाला कारण तसेच घडले होते. मंडळाचा दवाखाना अकरा वर्षे चालू होता. तिथे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनातले मजूर येत, विणकर येत, अळणावरकडच्या खेड्यांतून कामाला आलेली माणसे येत. सभासद वर्षातून एकदा, वर्धापनदिनी, पायरीवर उभे राहून फोटो काढून घेत. यंदा तो फोटो बेळगावच्या एका साप्ताहिकाने छापला आणि खाली लिहिले, "या दवाखान्याचे औषध इतके गुणकारी आहे की चालकांना ते घेण्याची एकदाही गरज पडलेली नाही."

अध्यक्ष पुंडलिकशेट हुक्केरीकर, दोन जिनांचे मालक, यांनी ताबडतोब सभा बोलावली. मत देण्यापूर्वी प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले. शेजारी विरोध करील, ठराव पडेल आणि आपले नाव मात्र सुधारकांत राहील, असा प्रत्येकाचा होरा होता. चोवीसच्या चोवीस शेजाऱ्यांनी हात वर केले.

घरी मारुतीरावांच्या पत्नी गोदावरीबाई भाकऱ्या थापीत होत्या.

"म्हणजे आपल्या विमलाला धारवाडच्या शाळेतनं काढणार?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आणि तत्त्वाला ताप आला तर कुठं नेणार?"

मारुतीरावांनी टोपी खुंटीला लावली. बायकांना सार्वजनिक प्रश्न कळत नाहीत, असे त्यांनी मनातल्या मनात इतिवृत्तात नोंदवले.

पहिल्या आठवड्यात सभासदांच्या घरची माणसे टांग्यांतून कमरीपेठेत उतरली. दवाखान्यात एकच बाक होता आणि त्यावर आजारी माणसे बसलेली होती. पुंडलिकशेटांच्या आईंना, गुडघे धरले असताना, एका खोकणाऱ्या मजुराशेजारी बसावे लागले. संध्याकाळी मारुतीरावांनी परिपत्रक काढले की शिस्तीखातर सभासदांसाठी सहा खुर्च्या ठेवण्यात याव्यात. खुर्च्यांना जागा हवी म्हणून बाक ओसरीत गेला. ओसरीतली माणसे आत डोकावू लागली, तेव्हा दाराला पडदा आला. पडद्याआडून कोणाचा नंबर कधी आला हे कळेना, म्हणून ओसरीतल्यांना पत्र्याचे बिल्ले देण्यात आले. सकाळी आठ ते साडेअकरा सभासद आणि साडेअकरा ते बारा सर्वसाधारण जनता, अशी वेळ ठरली. समता पूर्ण झाली. डॉक्टर तोच, औषध तेच, छप्परही तेच. फक्त अर्धे छप्पर कौलाचे आणि अर्धे झावळ्यांचे.

शाळेचेही तसेच झाले. सभासदांच्या मुलांसाठी वर्ग 'अ' निघाला. त्याला खोली, फळा आणि तिन्ही मास्तर मिळाले. आधीपासून शिकणारी मुले वर्ग 'ब'मध्ये गेली. वर्ग 'ब'ला चिंचेची सावली मिळाली, आणि मास्तर मोकळे होतील तेव्हा मिळणार होते. विमला वर्ग 'अ'मध्ये पहिल्या बाकावर बसू लागली. मुलगी सार्वजनिक शाळेत जाते हे मारुतीराव गिऱ्हाइकांना घागर दाखवता दाखवता सांगू लागले.

दवाखान्याचे डॉक्टर बिळगी हे बागलकोटकडचे, बोलायला फटकळ. एक दिवस त्यांनी मारुतीरावांना गाठले.

"एन्री, काय हो मारुतीराव, आजारी माणसं कुठं ठेवलीत तुम्ही? सकाळपासनं मी शेटजींचे ढेकर तपासतोय. एकाला झोप जास्त येते, एकाला कमी येते. बाहेर ओसरीत न्युमोनिया बसलाय, त्याला अर्धा तास!"

"डॉक्टरसाहेब, सभासद आले नसते तर दवाखाना खऱ्या अर्थानं सार्वजनिक झाला असता का?"

डॉक्टरांनी त्यांची हनुवटी धरली. "जीभ दाखवा," ते म्हणाले. मारुतीरावांनी दाखवली. "जीभ ठीक आहे. मग रोग वर कुठं तरी असणार."

ओसरीत बसलेला न्युमोनिया म्हणजे शांता. तिची आई शेवंता पुंडलिकशेटांच्या जिनात सरकी वेचायची. तिने एकोणीस वर्षांच्या लेकीला पाठीवर घेऊन आणले होते. बिल्ला मिळाला एक्केचाळीस. पहिल्या दिवशी बारा वाजेपर्यंत अठरा नंबर झाले, दुसऱ्या दिवशी सव्वीसपर्यंत मजल गेली. डॉक्टर पडदा सारून तिला पाहायला निघाले, तेव्हा पडद्यापाशी मारुतीराव उभे होते. खुर्चीवर एक सभासद जांभई दाखवण्यासाठी थांबला होता.

शेवंताने मारुतीरावांचे पाय धरले. "अण्णा, पोरीला दम निघंना. येवढं एकदा आत घ्या की."

"शेवंताबाई, मला कळत नाही का? पण तुम्हाला आत घेतलं तर तो अपवाद होतो. एकाला अपवाद केला की तीच खासगी वागणूक. तेच तर आपल्याला नाहीसं करायचं आहे."

शेवंताला यातले 'आपल्याला' तेवढे कळले. ती पुन्हा भिंतीला टेकून बसली आणि लेकीच्या छातीवर हात फिरवू लागली.

बारानंतर डॉक्टर पिशवी घेऊन तिच्या खोलीवर गेले. मंडळाच्या नोकराने घरी जाऊन तपासणे म्हणजे खासगी वैद्यकी, असा मारुतीरावांनी त्यांना लेखी ठपका दिला. डॉक्टरांनी तो कागद फाडला, पण तोवर उशीर झाला होता. चौथ्या दिवशी पावणेबारा वाजता एक्केचाळीस नंबर पुकारण्यात आला. कोणी उठले नाही. कंपाउंडरने तीनदा पुकारले आणि वहीत लिहिले, 'गैरहजर'.

मारुतीरावांना ही गोष्ट दुकानात कळली. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. अशा प्रसंगी त्यांच्याकडे एकच उपाय होता. त्यांनी दुखवट्याचा ठराव लिहायला घेतला. पण मयत व्यक्ती सभासद नसल्याने तो नियमात बसेना. मग त्यांनी तो अर्धाच ठेवला आणि थोडे ताक प्याले.

शेवंता बिल्ला परत करायला गेली ती पुन्हा ओसरीत चढली नाही. पण कमरीपेठेत कोणाचे मूल तापले की बायका तिलाच बोलावू लागल्या. ती रात्र-दिवस न पाहता उशाशी बसायची, कपाळावर ओली पट्टी ठेवायची, आल्या-ओव्याचा काढा पाजायची. डॉक्टर बिळगी जाता-येता तिथे डोकावून काय करावे ते सांगत. चिंचेखाली मास्तर न आल्याने वर्ग 'ब'ची मुले तुकाराम नावाच्या म्हाताऱ्या विणकराकडे जमू लागली. तुकाराम मागावर बसल्या बसल्या पाढे म्हणायचा आणि मुले त्याच्यामागून म्हणायची. मागाच्या ठोक्यामुळे ते पाठही लवकर होत.

कार्यकारिणीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. "चोवीस सभासदांनी खासगी सोडलं," पुंडलिकशेट म्हणाले, "आणि हे लोक राजरोस खासगी दवाखाना न् शाळा काढतात? यांना काही सामाजिक जाणीव?"

मारुतीराव नोटीस घेऊन शेवंताकडे गेले. ती एका तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. त्यांनी नोटीस वाचून दाखवली.

"अण्णा, खासगी म्हंजे काय हो?"

"जे सर्वांसाठी खुलं नसतं ते."

"माझ्या खोलीला तर दारच न्हाई. गोणपाट लावलंय. कोण बी येतंय."

"पण तुम्हाला मंडळाची मान्यता नाही."

"मान्यता असली म्हंजे काय हुतं?"

मारुतीरावांच्या तोंडाशी 'ओसरी' हा शब्द आला आणि तिथेच अडकला. शेवंताने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. शिवी दिली असती तर बरे झाले असते. तिने पोराचे नाक पुसले. दुसऱ्या दिवसापासून तिला जिनातले काम बंद झाले. तुकारामला सूत देणारा व्यापारीही सभासदच होता. त्याचा माग थांबला आणि त्याबरोबर पाढेही.

ज्येष्ठात विमलाला ताप आला. तीन दिवसांत घसा असा सुजला की पाणी उतरेना. डॉक्टर बिळगी म्हणाले, "हे घटसर्पासारखं दिसतंय. त्याचं विष उतरवणारी सुई माझ्याकडे नाही. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून तीनदा मागणी केली. तुमच्या कार्यकारिणीनं त्याऐवजी दोन आरामखुर्च्या मंजूर केल्या. आत्ताच्या आत्ता धारवाडला न्या."

"धारवाडला म्हणजे... खासगी?"

"मारुतीराव," गोदावरीबाई मध्येच म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली होती. मारुतीरावांनी टोपी घातली.

मिळेल त्या पहिल्या गाडीने ते मुलीला घेऊन निघाले. कोणी ओळखू नये म्हणून उपरणे तोंडावर घेतले होते. धारवाडच्या त्या नामांकित डॉक्टरच्या बंगल्यात शिरले, तो बाहेरच्या दालनात आणखी अकराजण तोंडावर उपरणी घेऊन बसलेले. एकाचे उपरणे खोकल्याने घसरले. ते खजिनदार होते. मग हळूहळू सगळीच उपरणी खाली आली. पुंडलिकशेट आईंचे गुडघे घेऊन आले होते.

"मी आपला एका पाहुण्यांना भेटायला आलो होतो," खजिनदार म्हणाले.

"मीही," बाकीचे म्हणाले.

 मग पुंडलिकशेटांनी माणसे मोजली. "चिटणीस, आपला कोरम किती?"

"नऊ."

"मग बारा आहोत. सभा सुरू करू. कागद आहे?"

मारुतीरावांच्या खिशात कागद नेहमीच असे. विमलाचे डोके मांडीवर, कागद गुडघ्यावर, अशी सभा सुरू झाली. पुंडलिकशेटांनी मुद्दा मांडला: ज्या दवाखान्यात समाजातले सर्व लोक जातात तो सार्वजनिक. आज सर्व लोक इथे आहेत. तेव्हा हा दवाखाना सार्वजनिक. उलट कमरीपेठेत आता ठराविक पाच-पन्नास माणसेच जातात. एका विशिष्ट वर्गासाठीच चालणाऱ्या दवाखान्याला काय म्हणतात?

"खासगी!" खजिनदार म्हणाले. त्यांच्या आवाजात भक्ती होती. शाळेलाही तेच लागू पडत असल्याचे दुसऱ्या एकाने निदर्शनास आणले. त्याचा मुलगा कधीच धारवाडच्या शाळेत परत गेला होता.

इतक्यात आतून नर्सने हाक मारली, "विमला येडूरकर!"

"एक मिनिट," मारुतीराव लिहिता लिहिता म्हणाले, "अनुमोदक राहिलाय."

नर्सने कागदाकडे पाहिले नाही. तिने मुलीला त्यांच्या मांडीवरून उचलले आणि आत नेले. मारुतीरावांच्या हातात टाक तसाच राहिला. मांडीवर जिथे तापलेले डोके होते तिथे धोतर ओले झाले होते.  उठावे, आत धावावे, असे त्यांना वाटले. "अनुमोदक मी," पुंडलिकशेट म्हणाले, आणि मारुतीरावांनी नाव लिहिले.

विमला वाचली. सुई वेळेवर मिळाली होती. आठवड्याने मारुतीरावांनी कमरीपेठेच्या दवाखान्याला कुलूप लावले. ओसरीत तेव्हा सात माणसे बसली होती. त्यांना धारवाडचा ठराव वाचून दाखवण्यात आला: हा दवाखाना खासगी ठरला, सबब बंद. डॉक्टर बिळगींनी राजीनामा दिला नाही की हुज्जतही घातली नाही. ओसरीतला बाक त्यांनी आणि शेवंताने दोन्हीकडून धरून समोरच्या पिंपळाखाली नेला, आणि डॉक्टर तिथे औषध देऊ लागले. तुकारामकडे पाढे शिकणारी मुलेही हळूहळू तिथेच येऊन बसू लागली.

ही हकिगत गावात पसरली तेव्हा सज्जन माणसे फार हळहळली. मंडळाच्या निषेधाचा एक अर्ज निघाला. त्यात मागणी होती की खासगी औषध आणि खासगी शाळा खरोखरच बंद व्हाव्यात आणि गरीब-श्रीमंतांनी एकाच बाकावर बसावे. वकिलांनी सह्या केल्या, मास्तरांनी केल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या सर्वांनी केल्या. चारशे सह्या घेऊन मंडळी मोठ्या उत्साहाने पिंपळाखाली आली.

डॉक्टरांनी अर्ज वाचला. "फार छान लिहिलंय," ते म्हणाले. "यांतल्या कुणाच्या घरी आज कुणी आजारी आहे? बाकावर जागा आहे."

मंडळींनी बाकाकडे पाहिले. शेवंता एका विणकराची जखम धूत होती. मग कुणाला कोर्टाची वेळ आठवली, कुणाला शाळेची घंटा. पाचएक मिनिटांत पिंपळाचा पार मोकळा झाला. अर्ज तिथेच राहिला होता. शेवंताने तो उचलून नीट घडी करून डॉक्टरांच्या पिशवीत ठेवला.

अर्जाच्या शेवटच्या पानावर अजून बरीच जागा आहे. इथवर वाचताना तुम्हालाही मंडळाची चीड आली असेल, तर खुशाल सही करा. मात्र बाक तिकडे डावीकडे आहे; जाताना जरा उजव्या बाजूने जा, म्हणजे पाय अडखळणार नाही.