राखेतले वाल

विमलबाई चार दिवसांसाठी हसनाबादला बहिणीकडं गेल्या आणि मुकुंदरावांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं! बत्तीस वर्षं त्यांनी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत काढली होती. आधी गोदामात, मग बी तपासायच्या प्रयोगशाळेत. दहा हजार पोत्यांतून हवं ते पोतं काढणाऱ्या माणसाला घरात जिऱ्याचा डबा सापडू नये, हे त्यांना निवृत्तीपासून खुपत होतं.

आणि सापडणार कसा? डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं यांचा काडीचा संबंध नव्हता. चहाच्या डब्यात मोहरी, श्रीखंडाच्या डब्यात हळद, लोणच्याच्या बरणीत सुईदोरा!

"चार दिवसांत गोदामासारखं करून दाखवतो," त्यांनी शेजारच्या काकासाहेबांना सांगितलं.

"वहिनीला इचारलं का?"

"इचारायचं काय त्याच्यात? बघून खुश होईल बिलकुल!"

मग प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आली. मालाचं नाव, तारीख, कप्पा क्रमांक, खाली मुकुंदरावांची सही. मिठावरसुद्धा सही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात वरच्या कप्प्यात, पार मागं, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडला. तोंडाला फडकं बांधलेलं. आत राख आणि राखेत वाल!

"घासायच्या राखेत वाल सांडले आणि बाईनं तसंच झाकण लावलं," मुकुंदराव हळहळले. गॅसच्या घरात राख आली कुठून, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नाही. त्यांनी वाल तीन पाण्यांनी धुतले, भिजवले आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी गाठोडं सोडलं, तर मोड काय सुरेख! जुनी सवय, हात आपोआप मोजायला लागले. चारशे दाणे, मोड आलेले तीनशे एकोणनव्वद. "सत्त्याण्णव टक्के! झकास लॉट आहे," असं म्हणून त्यांनी तो अख्खा लॉट फोडणीला टाकला.

उरलेले अकरा दाणे खड्यासारखे कोरडे राहिले होते. पण नोंद केल्याशिवाय माल फेकायचा नाही, हा कंपनीचा नियम. अकरा दाणे एका वाटीत गेले, वाटीवर पट्टी लागली: नापास. तारीख, सही.

दुपारी विमलबाई आल्या. नव्यानं लावलेल्या कपाटाचे साक्षीदार म्हणून काकासाहेबांनाही जेवायला बोलावलं होतं. विमलबाईंनी कपाट पाहिलं आणि त्या ताटावर बसल्या. उसळीचा पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माह्या आईच्या हातची चव आहे हो. असे वाल आता मिळत न्हाईत. कुठून आणले?"

"आणायचे कशाला? घरातच व्हते की! बिस्किटाच्या डब्यात, राखेत पडले व्हते. मीच धुवून घेतले."

विमलबाईंचा हात ताटातच थांबला.

"ते आईचं बी व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "चाळीस वर्षं दरसाल राखेत घालून ठेवायची. भावानं कुंपण काढून सोयाबीन केलं, वेल गेला. पौषात डोळे मिटायच्या आधी तिनं हे माह्या वटीत घातलं व्हतं. ह्या मृगाला अंगणात लावणार व्हते मी."

काकासाहेबांनी उसळ तिसऱ्यांदा मागून घेतली होती. घास तोंडातच राहिला. गिळावा तरी पाप आणि टाकावा तरी पाप!

मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बत्तीस वर्षं त्यांनी पाहिलेलं बियाणं औषध लावून गुलाबी केलेलं असायचं, पाकिटात असायचं. राखेतलं बी त्यांनी ओळखलंच नाही. उगवण मोजली, शाबासकी दिली आणि वरून मीठ घातलं! विमलबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या ताटाकडं बघत बसल्या.

मग मुकुंदरावांना वाटी आठवली. ते खरकट्या हातानंच उठून ती घेऊन आले.

"अकरा दाणे राह्यलेत."

"नापास?" विमलबाईंनी पट्टी वाचली. "मेलेले का?"

"न्हाई, न्हाई! जित्ते आहेत. टरफल कडक असतं, पाणी आत जात न्हाई. जरासं घासून लावलं की बराबर येतात."

विमलबाईंनी दाणे हातावर घेऊन दोनदा मोजले आणि पदराला घट्ट गाठ मारली. मग वाटीवरची पट्टी अलगद सोडवली आणि मुकुंदरावांच्या सदऱ्याच्या खिशावर दाबून बसवली. काकासाहेबांनी तेवढ्यात घास गिळून घेतला.

मृगाला अकरातले सात उगवले. पहिल्या शेंगा कोणी तोडल्या नाहीत, वेलावरच वाळू दिल्या. बी पुन्हा राखेत, राख बिस्किटाच्या डब्यात, डबा वरच्या कप्प्यात. कपाटावरच्या बाकी पट्ट्या विमलबाईंनी गरम पाण्यानं एकेक करून सोडवल्या.

सदऱ्यावरची मात्र अजून निघालेली नाही. तीन वेळा धुवून झाला. पोत्याच्या कापडावरून न निघणारा गोंद मुकुंदरावांनी स्वतः पारखून आणला होता!