मास्तरांची पाठमोरी बाई

धर्मा मास्तर कोणतीही मूर्ती आधी मागून बघतात. आमच्या घरी गणपतीला आले तरी नमस्कार नंतर. आधी मखराच्या मागे मुंडी घालणार आणि तिथूनच ओरडणार, "पाठीला रंगच नाय लावला, बाई!" पातेलं घेतील ते बूड बघून, सदरा घेतील तो उलटा करून. माझ्या मुलीच्या लग्नात तर नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरगा बरा हाय. पाठ सरळ हाय." जावई अजून टिकून आहे, त्यामुळे मला काही बोलता येत नाही.

"पाठ बघावी, मंग बोलावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आम्ही दोघं इथल्या एकाच शाळेत नोकरी केली. ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. मास्तर खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातले. मी लग्न होऊन पुण्याहून दहिवलीत आलेली, आणि त्याचा मला इतका माज होता की भाजीवालीच्या 'हाय-नाय'चेही मनातल्या मनात गुण कापत असे. मास्तर फावल्या वेळात आवणीची चित्रं काढायचे. चिखल, पाऊस, भात लावणाऱ्या बाया, आणि प्रत्येक बाई पाठमोरी. एकदा मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मास्तरांना नाक-डोळे काढता येत नाहीत, म्हणून ह्या बाया तोंड फिरवून उभ्या!" सगळे हसले. मास्तरही हसले. मला वाटलं, काय बाई मी हुशार!

त्याच पावसाळ्यात शाळेने मुलांना आवणीला नेलं. मीही पदर खोचून चिखलात उतरले आणि भराभर रोपं लावत पुढे निघाले. अर्ध्या वाफ्यात वळून बघते, तर माझी सगळी रोपं माझ्याच पायांखाली आडवी. बांधावरून मास्तर ओरडले, "बाई, मागं सरका, मागं! आवणीला पुढं नाय चालत कुनी!"

मी तोऱ्यात म्हणाले, "आमच्या पुण्यात पुढेच चालतात!"

मुलं अजून ही गोष्ट सांगतात. मुलं म्हणजे आता पन्नाशीतली. त्यातलाच एक पिंट्या. हल्ली त्याला पिंट्याशेठ म्हणतात. नाक्याच्या सुशोभीकरण समितीचा तो अध्यक्ष आहे.

गेल्या वर्षी पिंट्याशेठ मलेशियाच्या सहलीला जाऊन आला आणि घरोघर मोबाइल दाखवत सुटला. तिकडच्या कुठल्याशा गावात भर चौकात घराएवढं फळ उभं केलेलं. काटेरी, फणसाच्या भावकीतलं. "बघा बाई, तिकडं गावाची ओळख चौकातच उभी असते. माणूस बसमधून उतरला की कळलं पायजे, आपण कुठं आलो!"

"मग आपली ओळख काय रे?"

"वडापाव!" तो म्हणाला. दहा फुटी. मग समितीत वडा गोल की चपटा यावरून दोन गाडीवाले एकमेकांच्या अंगावर गेले. कुणीतरी म्हणालं, असंच असेल तर खालापूरवाल्यांनी टोलनाका उभारावा का? शेवटी ठरलं, आवणी करणारी बाई. चौक गावाला जुन्या हायवेवर ढाब्यांसाठी फायबरचे बैल आणि पैलवान करणारा एक कारखाना आहे, तिथे काम दिलं.

नमुना बघायला मास्तर गेले, मीही गेले. बाई ताठ उभी. नाकात नथ, ओठांवर लाली, हातात भाताची रोपं फुलांच्या गुच्छासारखी धरलेली. मास्तर सवयीने मागे गेले. मागे बाई पोकळ होती.

"पिंट्या," मास्तर म्हणाले, "ही शेतात आली हाय का हळदीकुंकवाला?"

"मास्तर, जरा ग्लॅमर नको का?"

"हिच्या पायाला चिखल कुठं हाय? इरलं कुठं हाय? ही आमची बाई नाय. कुनाचीच नाय."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर नाक्यावरच्या रिकाम्या चौथऱ्यावर जाऊन बसायला लागले. सकाळी आठ ते बारा, रोज. ते बसलेत तिथे पुतळा बसवायचा कसा? हौशी मंडळी त्यांच्याबरोबर फोटो काढू लागली, तेव्हा पिंट्याशेठ वैतागला. "एक महिना देतो. तुमीच मातीत करून दाखवा. समितीला नाय पटलं, तर आमची ताठ बाईच बसणार. मग चौथऱ्यावर दिसायचं नाय."

मास्तरांनी हो म्हटलं. पण समोर वाकून उभी राहणार कोण? सुना नोकरीला, नाती कॉलेजात. तेव्हा ह्या पुण्याच्या बाईनेच हात वर केला. कारखान्यातल्या फायबरच्या बैलांच्या गर्दीत, पाठीवर पावसात घ्यायचं पानांचं जुनं इरलं घेऊन मी ओणवी उभी राहायचे. डोक्यापासून कमरेपर्यंत सगळी झाकलेली. गुडघे करकरायचे. दर पाच मिनिटांनी मी विचारायचे, "झालं का?" आणि मागून मास्तर म्हणायचे, "हलू नका गं बाई, आय अशी हलायची नाय."

तिसऱ्या दिवशी मी इरल्यातूनच म्हणाले, "मास्तर, तोंड कधी करणार?"

"तोंड नाय करायचं."

"अजून नाक-डोळे येत नाहीत वाटतं!"

मागे मातीवर चाललेला हात थांबला.

"आठवत नाय, बाई," मास्तर म्हणाले. "चार वर्सांचा होतो. आय मला बांधावर बसवायची नि वाफ्याच्या त्या टोकापासून लावत यायची. मागं मागं सरत. तिची पाठ जवळ जवळ यायची. ओळ संपली की वळंल, मला उचलंल, म्हणून मी बसून राहायचो. त्याच पावसात ताप आला नि गेली. फोटो कुठला असायला! पाठ तेवढी आठवते."

मी वाकलेलीच राहिले. त्या दिवशी मी एकदाही "झालं का" विचारलं नाही.

महिन्याने समिती आली. पिंट्याशेठ मातीच्या बाईभोवती दोनदा फिरला. "मास्तर, लांबून कासव वाटतंय. आनि लोक सेल्फी कुनाबरोबर काढनार, पाठीबरोबर?"

मी बोलणारच होते, पण पिंट्याशेठची म्हातारी आई गाडीतून उतरून काठी टेकत आत आली. मातीच्या बाईमागे जाऊन उभी राहिली. इरल्यावरून हात फिरवला. मग लेकाकडे वळून म्हणाली, "मला कवा बसवलंस रं हितं?"

पिंट्याशेठने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मातीवरून साचा काढून फायबरची केलेली बाई नाक्यावर बसून आता चार महिने झाले. बाजाराला आलेल्या बाया तिच्यापाशी थांबून भांडतात. एक म्हणते ही आमची आजी, दुसरी म्हणते, तुझी आजी कुठली गं, ही तर माझी सासू, कंबर बघ! तोंड नसल्यामुळे कुणालाच खोटं ठरवता येत नाही. पायांच्या चिखलाला कुणीतरी हळदीकुंकूही लावून जातं.

बसथांब्याचा बाक तिच्या मागच्या बाजूला आहे. मास्तरांनी पिंट्याशी भांडून तिचं तोंड पलीकडे ठेवून घेतलं, ते का, हे मला परवा कळलं. मी भाजी घेऊन येत होते. मास्तर बाकावर पाय लोंबते सोडून बसले होते. मी शेजारी टेकले. समोर ती ओणवी पाठ, आमच्याकडेच सरत येणारी.

"ओळ संपत आली हाय, बाई," मास्तर हळूच म्हणाले.

मी भाजीची पिशवी मांडीवर घेतली आणि बाकाच्या टोकाला सरकले. ती वळलीच, तर बसायला जागा नको?