खंडेनवमीला फौजेचा माल

खंडेनवमीला सगळे कारखाने आपापल्या यंत्रांना झेंडूचे हार घालतात. धुळ्याच्या एका कारखान्यातला वेल्डर जगदीश मात्र सकाळपासून तोंड लपवायला जागा शोधत होता. त्याचे होणारे सासरे चुडामणनाना, निवृत्त हवालदार, शिरपूरहून पूजेला निघाले होते.

दोष त्याच्याच जिभेचा. कारखान्यात रिक्षांचे सांगाडे बनत. सीमेवर लढाई पेटली आणि मालकांनी रिक्षा थांबवून फौजेचं काम घेतलं. मुलगी बघायला गेल्यावर नानांनी विचारलं, "फौजकरता काय बनवतस?" समोर नूतन चहाचा ट्रे घेऊन उभी. खरं सांगायला जीभ रेटेना.

"सांगता येत नाही, नाना. गुप्त काम आहे."

नाना खूश झाले. गल्लीभर जावयाच्या तोफांची बातमी गेली. यंदाची शस्त्रपूजा त्याच्याच कारखान्यात करायची आणि सुपारीही तिथंच फोडायची, असं ठरलं.

नारळ, गुलाल, नूतन आणि गल्लीतली जीपभर माणसं आली. मालकांनी कौतुकानं पडदा सारला. आत रांगेनं मांडले होते घडीचे संडास, लोखंडी चौकटीवर बसवलेले, बर्फातल्या चौक्यांसाठी. प्रत्येकाला हार घातलेला.

कुणीतरी फसकन हसलं. धरणीनं पोटात घ्यावं, असं जगदीशला झालं.

"हाई गुप्त शे?" नानांनी विचारलं.

"लाज वाटली, नाना."

नाना हसले नाहीत. "बरफमा दोन हिवाळा काढात मी. तठे तोफबिगर एक दिन निंघस. यानाबिगर नही निंघस." त्यांनी संडासाला कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना हात जोडायला लावले. जगदीशच्या जिवात जीव आला. मग नाना टोपी सावरून ऐटीत त्यावर बसले.

चौकट कुरकुरली, एक पाय निसटला आणि नाना गुलालाच्या ताटात गेले.

"हाऊ जोड कोनी मारा?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

जगदीशनं मान खाली घातली. रिक्षा तो जीव ओतून जोडायचा. हे असलं काम कोण बघतंय, म्हणून उरकून टाकलं होतं.

"कामनी लाज धरी ना तू? आते या जोडनी धर."

त्यानं घाईघाईनं वेल्डिंगच्या यंत्राकडे हात नेला, तर मालकांनी अडवलं. "पूजा झाली. दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही."

सुपारी पिशवीतच राहिली. जीपमध्ये चढताना नूतन त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"परवा मी येसू. सोता बसी पाहसू, मंग काय ते सांगसू."